सी मध्ये मजकुरातून दशांश संख्या सुरक्षितपणे कशी काढायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सी ही प्रोग्रॅमिंग भाषा शिकवताना संख्या वाचण्याचा भाग बहुतेक वेळा एका ओळीत उरकला जातो: एटूएफ या फंक्शनला स्ट्रिंग (अक्षरांची रांग) द्या, डबल (दशांश संख्या) मिळेल. खरा प्रोग्रॅम मात्र फाइलमधून, नेटवर्कवरून किंवा माणसाच्या हातून आलेला मजकूर वाचतो. त्या मजकुरात संख्या असेलच, अशी हमी कोणीही दिलेली नसते. नवीन आणि जुन्या, दोन्ही प्रकारच्या प्रोग्रॅमरांनी मला विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

आधी लिहिण्याच्या पद्धतीबद्दल. फंक्शनांची नावे आपण बोलताना उच्चारतो तशी लिहिली आहेत: एटूएफ, स्ट्रटूडी, स्ट्रटूएफ, एसस्कॅनएफ, एररनो. आकडेही देवनागरीत आहेत. प्रोग्रॅममध्ये अर्थातच कीबोर्डवरची नेहमीची रोमन अक्षरे आणि नेहमीचे आकडे समजायचे. देवनागरी आकडे थेट दिले तर काय होते, यावर पुढे वेगळा प्रश्न आहे.

एटूएफ वापरले तर बिघडते कुठे?

दोन ठिकाणी. पहिले म्हणजे स्ट्रिंगमध्ये संख्या नसेल तर एटूएफ शून्य परत करते, आणि स्ट्रिंगमध्ये खरोखर “०” असेल तरीही शून्यच परत करते. हे दोन शून्य वेगळे ओळखण्याचा कोणताही मार्ग ते तुमच्या हाती ठेवत नाही. दुसरे म्हणजे संख्या डबलमध्ये मावत नसेल तर काय व्हावे हे सी मानकाने ठरवलेलेच नाही. ते सरळ अनडिफाइंड बिहेवियर आहे, म्हणजे काहीही होऊ शकते.

पहिला दोष जास्त घातक, कारण तो आवाज करत नाही. मी एकदा तापमानाच्या नोंदी वाचणारा प्रोग्रॅम तपासत होतो. सेन्सरची वायर सैल झाली की नोंदीत आकड्याच्या जागी दोन आडव्या रेघा यायच्या. एटूएफ त्या रेघांचे शून्य करायचे आणि ते शून्य सरासरीत मिसळायचे. शून्य अंश तापमान अशक्य नव्हते, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. दोन दिवस आम्ही सरासरीचे सूत्र उलटसुलट तपासले. सूत्र पहिल्यापासून बरोबर होते.

सुरक्षेला महत्त्व असलेल्या क्षेत्रांत पाळल्या जाणाऱ्या मिस्रा सी २०१२ या नियमावलीत नियम २१.७ एटूएफ आणि त्याच्या भावंडांना मनाई करतो. गाडी किंवा वैद्यकीय उपकरणाचा कोड लिहीत नसाल तरी ही मनाई स्वतःवर घालून घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग वापरायचे काय?

स्ट्रटूडी. ते सी मध्ये १९८९च्या मानकापासून आहे, म्हणजे ते उपलब्ध नसलेला कंपायलर तुम्हाला भेटण्याची शक्यता फार कमी. ते तीन वेगवेगळ्या वाटांनी माहिती देते. परत येणारे मूल्य ही एक. वाचन कुठे थांबले हे सांगणारा पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, ही दुसरी. संख्या आवाक्याबाहेर गेली का, हे चुकीचा कोड ठेवणाऱ्या एररनो या व्हेरिएबलमधून कळते, ही तिसरी. या तिन्ही वाटा पाहिल्याशिवाय परत आलेल्या मूल्यावर विश्वास ठेवायचा नाही. स्ट्रटूडी वापरूनही दुसऱ्या आर्ग्युमेंटच्या जागी नल (रिकामा पॉइंटर) देऊन मोकळे होणारे लोक मी पाहतो. तसे केले तर नाव बदललेले एटूएफच हाती राहते.

तो शेवटचा पॉइंटर नेमके काय सांगतो?

समजा स्ट्रिंग आहे “१२.५केजी”. स्ट्रटूडी सुरुवातीची मोकळी जागा असल्यास ओलांडते, चिन्ह असल्यास घेते, मग संख्येच्या व्याकरणात बसेल तितका मोठ्यात मोठा तुकडा उचलते. इथे तो तुकडा “१२.५” आहे. पॉइंटर “के” या अक्षरावर थांबतो आणि मूल्य १२.५ मिळते. उरलेला मजकूर चालवून घ्यायचा की नाकारायचा हा निर्णय तुमचा. एकक सोबत येणे अपेक्षित असेल तर तिथूनच पुढचे वाचन सुरू करता येते, आणि ही खरोखर छान सोय आहे.

स्ट्रिंग “केजी” असेल तर संख्या सापडतच नाही. अशा वेळी पॉइंटर स्ट्रिंगच्या अगदी सुरुवातीला परत येतो, मोकळी जागा ओलांडलेल्या ठिकाणीही नाही. म्हणून “पॉइंटर सुरुवातीइतकाच आहे का” ही एक तुलना पुरते. रिकामी स्ट्रिंग आणि नुसत्या स्पेसची स्ट्रिंगही याच तुलनेत पकडली जाते.

काही उदाहरणे हाताने करून पाहण्यासारखी आहेत. “.५” आणि “५.” दोन्ही चालतात, एकटे “.” चालत नाही. “१.२.३” मधून १.२ मिळते आणि पॉइंटर दुसऱ्या टिंबावर थांबतो. “१ई” मध्ये घातांकाचे अक्षर आहे पण पुढे अंक नाही, म्हणून १ मिळून पॉइंटर “ई”वर थांबतो. “१,००,०००” मधून एक लाख मिळत नाहीत. १ मिळतो आणि पॉइंटर पहिल्या स्वल्पविरामावर थांबतो. पॉइंटर न पाहणाऱ्या प्रोग्रॅमला इथे लाखाचा एक झालेला कळतही नाही.

एररनो आधी शून्य का करायचा? फंक्शन स्वतः करत नाही का?

नाही. मानक लायब्ररीतले कोणतेही फंक्शन एररनो शून्यावर आणत नाही. चूक झाली तर ते त्यात किंमत टाकते, सगळे सुरळीत झाले तरी आधीची किंमत पुसत नाही. त्यामुळे दहा ओळी आधीच्या एखाद्या गणिती फंक्शनने टाकलेला ई-रेंज, म्हणजे “आवाक्याबाहेर” सांगणारा कोड, तसाच पडून असू शकतो, आणि तुम्ही एक निर्दोष संख्या आवाक्याबाहेरची म्हणून फेकून द्याल. स्ट्रटूडीच्या लगेच आधी शून्य करा आणि लगेच नंतर तपासा. मध्ये प्रिंटएफसुद्धा नको, कारण तेही एररनो बदलू शकते.

पूर्ण फंक्शन एकदा लिहून दाखवाल का?

खाली सी मधलेच शब्द देवनागरीत लिहिले आहेत.

    बूल संख्या_वाचा(कॉन्स्ट कॅर *मजकूर, डबल *उत्तर)
    {
        कॅर *शेवट;
        डबल मूल्य;

        एररनो = ०;
        मूल्य = स्ट्रटूडी(मजकूर, &शेवट);

        इफ (शेवट == मजकूर)
            रिटर्न फॉल्स;
        इफ (एररनो == ई_रेंज && फॅब्स(मूल्य) > १.०)
            रिटर्न फॉल्स;
        व्हाइल (इझस्पेस((अनसाइन्ड कॅर)*शेवट))
            शेवट++;
        इफ (*शेवट != '\०')
            रिटर्न फॉल्स;
        इफ (!इझफायनाइट(मूल्य))
            रिटर्न फॉल्स;

        *उत्तर = मूल्य;
        रिटर्न ट्रू;
    }

यात तीन गोष्टींकडे लक्ष द्या. परत येणारी किंमत फक्त यश किंवा अपयश सांगते आणि संख्या वेगळ्या वाटेने जाते, त्यामुळे शून्याचा गोंधळ मुळातच उरत नाही. अपयश आले तर उत्तराच्या जागेला हात लागत नाही, म्हणजे आधी ठेवलेली डीफॉल्ट किंमत शाबूत राहते. आणि इझस्पेसला देताना अनसाइन्ड कॅर केले आहे. साधा कॅर अनेक मशीनवर ऋण असू शकतो आणि ऋण किंमत इझस्पेसला देणे हे पुन्हा अनडिफाइंड बिहेवियर. मजकुरात यूटीएफ-८ (अक्षरे बाइटमध्ये साठवण्याची पद्धत) मधले एखादे मराठी अक्षर शिरले की त्याचे बाइट नेमके असेच ऋण निघतात.

शेवटची मोकळी जागा ओलांडायची सोय का ठेवली? एफगेट्स या ओळ वाचणाऱ्या फंक्शनने वाचलेल्या ओळीच्या शेवटी न्यूलाइन असते, आणि विंडोजवर तयार झालेल्या फाइलमध्ये तिच्याआधी कॅरेज रिटर्न असतो. स्ट्रटूडी आधीची मोकळी जागा स्वतः खाते, नंतरची खात नाही.

एफगेट्सबद्दल आणखी एक. तुमचा बफर लहान असेल आणि ओळ लांब, तर संख्या मधोमध कापली जाते. “१२३४५६” ऐवजी “१२३४” हाती येते, आणि ती तितकीच वैध संख्या असते! वरचे फंक्शन तिला आनंदाने होकार देईल. म्हणून बफरमध्ये न्यूलाइन आली का किंवा फाइल संपली का, हे आधी पाहायचे आणि मगच रूपांतर करायचे.

शेवट पॉइंटरला कॉन्स्ट लावला की कंपायलर कुरकुर करतो. का?

स्ट्रटूडीचे दुसरे आर्ग्युमेंट साध्या कॅर पॉइंटरचा पत्ता मागते, जरी पहिले कॉन्स्ट असले तरी. ही जुनी विसंगती आहे. शेवट साधा कॅर पॉइंटर म्हणून जाहीर करा आणि त्यातून काहीही लिहू नका.

ई-रेंज आला म्हणजे संख्या टाकूनच द्यायची का?

इथे दोन उलट गोष्टी एकाच नावाखाली येतात. डबलमध्ये साधारण १.८ गुणिले १० चा ३०८वा घात इथपर्यंतच्या संख्या मावतात. “१ई४००” दिले तर ह्यूज-व्हॅल, म्हणजे नेहमीच्या मशीनवर अनंत, आणि ई-रेंज मिळतो. हे उत्तर निरुपयोगी आहे, नाकारायलाच हवे.

“१ई-४००” मात्र शून्याच्या इतके जवळ आहे की डबल ते दाखवूच शकत नाही. परत येते शून्य किंवा शून्यालगतची फारच लहान संख्या. अशा वेळी एररनोमध्ये ई-रेंज टाकायचा की नाही, हे मानकाने लायब्ररीवर सोडले आहे. लिनक्सवरची ग्लिबसी ही लायब्ररी टाकते, सगळ्याच टाकतील असे नाही. म्हणून वरच्या फंक्शनमध्ये मूल्याचा आकार १ पेक्षा मोठा असेल तरच ई-रेंजमुळे नकार दिला आहे. लहानात लहान संख्येचे शून्य झाले तर बहुतेक कामांत तेच योग्य उत्तर असते. तुमच्या कामात तसे नसेल, उदाहरणार्थ पुढे त्या संख्येने भागायचे असेल, तर भागाकाराआधी शून्याची वेगळी तपासणी करा.

स्ट्रिंगमध्ये अक्षरे असूनही रूपांतर यशस्वी झाले. हे कसे?

१९९९च्या मानकापासून स्ट्रटूडी “आयएनएफ”, “इन्फिनिटी” (दोन्ही म्हणजे अनंत) आणि “एनएएन” (म्हणजे “संख्या नाही” हे खास मूल्य) हे शब्द स्वीकारते, लहान-मोठी अक्षरे कशीही असली तरी. सोळा पायातल्या संख्याही स्वीकारते: “०एक्स१ए” दिल्यास २६ मिळतात.

याची एक गंमत वाटणारी पण गंभीर बाजू आहे. रोमन लिपीत लिहिलेल्या “नंदिनी” या नावाची पहिली तीन अक्षरे एनएएन आहेत. आकड्याच्या रकान्यात चुकून नाव आले तर स्ट्रटूडी एनएएन परत करेल आणि पॉइंटर “डी”वर थांबेल. शेवट तपासणारा कोड इथे वाचतो, न तपासणारा एनएएन घेऊन पुढे जातो.

आणि एनएएन पुढे गेला की तो मर्यादेच्या तपासणीतूनही निसटतो. “मूल्य ० पेक्षा लहान किंवा १०० पेक्षा मोठे असेल तर नकार” असे आपण सहज लिहितो. एनएएनशी केलेली प्रत्येक लहान-मोठेपणाची तुलना खोटी ठरते, म्हणजे दोन्ही अटी खोट्या, म्हणजे नकार नाही, म्हणजे प्रवेश! अट उलटी लिहायची: “मूल्य ० किंवा जास्त आणि १०० किंवा कमी असे नसेल तर नकार”. तर्काने दोन्ही वाक्ये सारखी वाटतात, एनएएनसाठी ती सारखी नाहीत. ही एक सवय मी प्रत्येक नवीन सहकाऱ्याला पहिल्याच आठवड्यात लावायचा प्रयत्न करतो.

जीसीसी किंवा क्लँग या कंपायलरना फास्ट-मॅथचा पर्याय देऊन कंपाइल करत असाल तर अजून सावध राहा. त्या पर्यायात कंपायलर गृहीत धरतो की एनएएन आणि अनंत कधी येणारच नाहीत, आणि इझनॅन, इझफायनाइट यांच्या तपासण्या काढूनही टाकू शकतो. रूपांतराची फाइल त्या पर्यायाशिवाय वेगळी कंपाइल करावी.

माझ्या मशीनवर बरोबर चालते, दुसऱ्याच्या मशीनवर दशांश भाग गायब होतो. का?

लोकेल, म्हणजे भाषा-प्रदेशानुसार आकडे वगैरे लिहिण्याच्या रीतींची निवड. स्ट्रटूडी दशांशचिन्ह कोणते मानायचे हे चालू लोकेलला विचारते. सी प्रोग्रॅम सुरू होतो तेव्हा “सी” लोकेल असते आणि त्यात टिंब. पण कोणी सेटलोकेलला रिकामी स्ट्रिंग दिली की वापरकर्त्याच्या मशीनची निवड लागू होते. जर्मन किंवा फ्रेंच निवड असेल तर दशांशचिन्ह स्वल्पविराम होते. मग “३.१४” मधून ३ मिळतात आणि पॉइंटर टिंबावर थांबतो.

याच्या उलट बाजूने होणारे नुकसान जास्त वाईट. स्वल्पविरामाने वेगळ्या केलेल्या रकान्यांची फाइल तुम्ही थेट स्ट्रटूडीने पुढे पुढे वाचत असाल, तर “१२,७” हे दोन रकाने जर्मन लोकेलमध्ये १२.७ अशी एकच संख्या होतात. चूक दिसत नाही, पॉइंटरही योग्य ठिकाणी थांबल्यासारखा वाटतो, फक्त पुढचे सगळे रकाने एकाने सरकलेले असतात.

मराठी आणि इंग्रजी, दोन्ही लोकेलमध्ये दशांशचिन्ह टिंबच आहे. त्यामुळे आपल्याला हा बग आपल्या टेबलावर कधीच दिसत नाही. शिवाय “मी सेटलोकेल कधी वापरतच नाही” हे म्हणणेही पुरेसे नाही. जीटीकेसारखी खिडक्या दाखवणारी लायब्ररी सुरू होताना ते तुमच्या वतीने करते.

उपाय परिस्थितीनुसार बदलतात. प्रोग्रॅम पूर्णपणे तुमचा असेल तर सगळी लोकेल लागू केल्यानंतर फक्त एलसी-न्यूमरिक हा आकड्यांचा भाग परत “सी”वर आणा. तुम्ही लायब्ररी लिहीत असाल तर सेटलोकेलला हात लावू नका. ते सगळ्या प्रोसेसवर परिणाम करते, आणि दुसरा थ्रेड त्याच क्षणी काहीतरी छापत असेल तर त्याचे आकडे बदलतील. अशा वेळी न्यूलोकेलने “सी” लोकेल एकदाच तयार करून ठेवा आणि ते घेणारे स्ट्रटूडी-एल वापरा. लिनक्सवर ग्लिबसी, बीएसडी आणि मॅकओएसवर ते आहे, विंडोजवर तेच नाव अंडरस्कोरने सुरू होते. जीलिब ही लायब्ररी आधीच जोडलेली असेल तर तिच्यातले जी-आस्की-स्ट्रटूडी लोकेलकडे बघतच नाही. प्रकल्पात सी++ चालत असेल तर २०१७च्या मानकातले फ्रॉम-कॅर्स हाही चांगला मार्ग आहे, मात्र ते सुरुवातीची मोकळी जागा आणि अधिकचे चिन्ह स्वीकारत नाही.

लोकांनी टिंबाच्या जागी लोकेलचे चिन्ह घालून मग स्ट्रटूडी बोलावलेले मी पाहिले आहे. काम होते, पण मजकुराची प्रत करा, चिन्हाची लांबी पाहा, शेवटचा पॉइंटर मूळ मजकुरात परत बसवा, असा पसारा वाढतो. शक्यतो टाळा.

वापरकर्त्याने देवनागरी आकडे टाइप केले तर?

स्ट्रटूडीला ते संख्या वाटत नाहीत. लोकेल मराठी असले तरी नाही. “३.१४” हे खरोखर देवनागरीत दिलेत तर पॉइंटर सुरुवातीलाच राहतो. निदान चुकीचे उत्तर तरी मिळत नाही. पण मराठी वापरकर्त्याने मराठी आकडे लिहिले म्हणून त्याला “अवैध संख्या” म्हणणे मला पटत नाही, आणि उपाय फार अवघड नाही.

यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक देवनागरी आकडा तीन बाइटचा असतो. सोळा पायात पहिला बाइट ई०, दुसरा ए५, आणि तिसरा शून्यासाठी ए६ पासून नऊसाठी एएफ पर्यंत क्रमाने. म्हणजे मजकुराची प्रत करताना हे दोन बाइट दिसले आणि तिसरा त्या टप्प्यात असला, तर तिसऱ्यातून ए६ वजा करून साध्या शून्याच्या कोडमध्ये मिळवायचे. तिनाचा एक बाइट होतो, त्यामुळे प्रत मूळ मजकुरापेक्षा कधीच लांब होत नाही आणि तितकाच बफर पुरतो.

याच वेळी आणखी दोन पाहुणे हाताळून घ्या. दस्तऐवजातून चिकटवलेल्या मजकुरात वजाचे चिन्ह कधी कधी कीबोर्डवरच्या आडव्या रेघेऐवजी गणितातले वेगळे युनिकोड चिन्ह असते. आणि न तुटणारी स्पेस दिसायला स्पेस असली तरी “सी” लोकेलमधला इझस्पेस तिला स्पेस मानत नाही. दोन्ही डोळ्याला दिसत नाहीत, म्हणून “संख्या तर बरोबर दिसते, तरी नाकारते” अशी तक्रार आली की मी आधी मजकूर बाइट-बाइट छापून बघतो.

एसस्कॅनएफ जास्त सोपे नाही का?

ठरावीक साच्याने स्ट्रिंग वाचणारे हे फंक्शन लिहायला सोपे आहे. “१२एबीसी” दिले तरी ते एक यशस्वी वाचन झाले म्हणून १ परत करते. उरलेले “एबीसी” पाहायचे तर टक्के-एन (किती अक्षरे वाचली ते सांगणारा संकेत) वापरून स्वतः मोजावे लागते. संख्या आवाक्याबाहेर गेली तर अनडिफाइंड बिहेवियर, म्हणजे एटूएफसारखेच. डबलसाठी टक्के-एलएफ ऐवजी टक्के-एफ लिहिले तर नेहमीच्या मशीनवर आठ बाइटच्या जागेत चारच बाइट लिहिले जातात.

सूक्ष्म फरक आणखी एक आहे. “१००एर्ग” या मजकुरात स्ट्रटूडी १०० घेऊन “ई”वर थांबते. स्कॅनएफ कुटुंब मात्र “१००ई” इतके गिळते, घातांकाचे अंक येतील या आशेने, आणि ते न आल्यामुळे पूर्ण वाचनच अपयशी ठरवते. सी मानकात हेच उदाहरण दिलेले आहे. मुक्त मजकुरासाठी ओळ एफगेट्सने घ्या, मग स्ट्रटूडी.

स्ट्रिंगच्या शेवटी शून्य बाइट नसेल तर?

तर स्ट्रटूडीला देऊच नका. त्याला लांबी सांगायची सोय नाही. अंक संपेपर्यंत ते वाचत राहते. नेटवर्कवरून आलेला तुकडा नेमका अंकावर संपला तर ते तुमच्या बफरच्या पलीकडची मेमरी वाचेल. एमॅपने मेमरीत घेतलेल्या फाइलचाही हाच धोका. लहान स्थानिक बफरमध्ये तुकडा कॉपी करा, शेवटी शून्य बाइट ठेवा, आणि तुकडा मावत नसेल तर सरळ नकार द्या.

उलट चूक म्हणजे मोठ्या स्ट्रिंगवर एसस्कॅनएफ पुन्हा पुन्हा चालवणे. अनेक लायब्ररींत ते प्रत्येक वेळी आधी संपूर्ण स्ट्रिंगची लांबी मोजते. २०२१ मध्ये एका लोकप्रिय ऑनलाइन खेळाला सुरू व्हायला कित्येक मिनिटे का लागतात, याचा शोध घेताना हेच एक मोठे कारण निघाले: सुमारे १० मेगाबाइटची फाइल, आणि प्रत्येक लहान तुकड्यासाठी उरलेल्या सगळ्या मजकुराची मोजणी.

मला फ्लोट (डबलपेक्षा लहान प्रकार) हवा आहे. डबल वाचून कास्ट केले (प्रकार बदलला) तर?

स्ट्रटूएफ वापरा, ते १९९९च्या मानकापासून आहे. डबलमधून गेल्यावर राउंडिंग दोनदा होते, आणि क्वचित शेवटचा बिट चुकतो. त्याहून मोठे कारण आवाक्याचे आहे: फ्लोटची मर्यादा साधारण ३.४ गुणिले १० चा ३८वा घात. “१ई५०” डबलमध्ये आरामात मावते, ई-रेंज येत नाही, आणि कास्ट करताना ते फ्लोटच्या आवाक्याबाहेर जाते. डबलमधून इंटमध्ये कास्ट करतानाही हेच पाळा. मावत नसलेली संख्या किंवा एनएएन इंटमध्ये कास्ट करणे अनडिफाइंड आहे, म्हणून मर्यादा कास्टच्या आधी तपासायची, नंतर नव्हे.

रूपांतर यशस्वी झाले म्हणजे संख्या जशीच्या तशी आली ना?

नाही. डबलमध्ये ५३ बिटांची अचूकता असते. “०.१” वाचल्यावर जे साठते ते ०.१००००००००००००००००५५५… असे आहे. “९००७१९९२५४७४०९९३” ही पूर्ण संख्या वाचा, हाती ९००७१९९२५४७४०९९२ येईल. एररनो शून्य, पॉइंटर शेवटाला, सगळे यशस्वी, आणि शेवटचा अंक वेगळा. ओळख क्रमांक, खाते क्रमांक, असे काहीही डबलमध्ये वाचू नका. पैशांचे हिशेबही नकोत, ते सर्वात लहान एककात पूर्णांक म्हणून ठेवा.

डबल छापून पुन्हा तोच डबल वाचायचा असेल तर १७ सार्थ अंक छापा. फ्लोटसाठी ९ पुरतात.

इतकी कटकट असेल तर मी स्वतःच पार्सर लिहिला तर?

व्याकरण तपासणारा भाग जरूर लिहा. फक्त अंक, एक टिंब आणि चिन्ह इतकेच मान्य करायचे असेल तर स्ट्रटूडीच्या आधी अशी चाळणी लावणे उत्तम, तिने एनएएन आणि सोळा पायातल्या संख्या आपोआप बाहेर पडतात. अंकांपासून डबल बनवणारा भाग मात्र लिहू नका.

दहाने गुणत जायचे, टिंबानंतर दहाने भागत जायचे, ही पद्धत प्रत्येक पायरीला थोडे राउंडिंग करते आणि शेवटचा बिट हमखास कधीतरी चुकवते. दोन शेजारच्या डबलच्या बरोबर मध्ये पडणारी संख्या कोणत्या बाजूला न्यायची हे ठरवायला काही वेळा साडेसातशेहून जास्त अंक पाहावे लागतात. हा प्रश्न नीट सोडवणारे विल्यम क्लिंगर आणि डेव्हिड गे यांचे काम १९९० मधले आहे. गे यांचा कोड आजही अनेक भाषांच्या पोटात चालतो.

तयार, मुरलेल्या कोडलाही इथे ठेच लागलेली आहे. २०११च्या जानेवारीत उघड झाले की ३२-बिट पीएचपीला २.२२५०७३८५८५०७२०११ई-३०८ ही संख्या वाचायला दिली की ती कायमची अडकून बसते. फेब्रुवारीत जवळजवळ त्याच संख्येने जावालाही अडकवले. ही संख्या नॉर्मल आणि सबनॉर्मल (कमी अचूकतेने साठणाऱ्या अतिलहान) संख्यांच्या नेमक्या सीमेवर आहे, आणि उत्तर सुधारत जाणारा लूप तिथे दोन किमतींमध्ये हेलकावत राहत होता. वेब फॉर्ममध्ये एक संख्या टाकून सर्व्हर थांबवता येत होता.

चाचणीसाठी कोणत्या स्ट्रिंग वापराव्यात?

मी ही यादी बाळगतो: रिकामी स्ट्रिंग, नुसत्या स्पेस, “.”, “-”, “+.५”, “५.”, “-०”, “१ई”, “१ई४००”, “-१ई४००”, “१ई-४००”, “०एक्स”, “०एक्स१ए”, “आयएनएफ”, “एनएएन”, “एनएएनओ”, “१,५”, “१.५.२”, “ १.५ ”, न्यूलाइनसह “१.५”, अंकांमध्ये स्पेस असलेली “१ ५”, हजार नवांची एक स्ट्रिंग, आणि वरची सीमेवरची संख्या. प्रत्येकीपुढे अपेक्षित उत्तर आधी कागदावर लिहा, मग चालवा. “-०” मधून ऋण शून्य मिळते, जे शून्याशी तुलना केल्यावर समान निघते पण छापताना वजासह दिसते. ते तुम्हाला चालणार का, हे याच वेळी ठरवून घ्या. मग तीच पूर्ण यादी जर्मन लोकेल लावून पुन्हा एकदा चालवा.